पाठ्यक्रम सरकारचा, परिश्रम कोणाचे?

शालेय पाठ्यक्रमाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा पुस्तकातील एखाद्या परिच्छेदापाशी येऊन थांबते. कोणता राजा गाळला, कोणाचे कर्तृत्व दोन ओळींत उरकले, कोणता शब्द वापरला वा टाळला, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरतात. या वादांना महत्त्व नाही असे कोणी म्हणणार नाही. पुढच्या पिढीच्या मनात स्वतःच्या देशाचे कोणते चित्र उमटते, हा क्षुल्लक प्रश्न नव्हे. परंतु पुस्तक छापून शाळेत पोहोचल्यानंतर वर्षभर त्याचे काय होते, ते शिकवणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी कोण उभे राहते, त्याच्या शंका कोण फेडतो आणि त्या पुस्तकावरची परीक्षा कशी घेतली जाते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

सन २००२ हे वर्ष या दृष्टीने पुन्हा उघडून पाहण्याजोगे आहे. त्या वर्षी देशात पाठ्यक्रमावरून मोठे रण माजले होते. एनसीईआरटीने सन २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला विरोधकांनी ‘भगवेकरण’ असे नाव देऊन टाकले होते. डॉ. मुरली मनोहर जोशी त्या वेळी मनुष्यबळ विकासमंत्री होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १२ सप्टेंबर २००२ रोजी न्यायालयाने अरुणा रॉय यांची याचिका फेटाळून आराखडा वैध ठरवला. शिक्षणात सरकारने ढवळाढवळ करू नये, शिक्षणतज्ज्ञांच्या कामाला सत्तेने हात लावू नये, असे त्या काळात काँग्रेसचे नेते व्यासपीठाव्यासपीठावरून सांगत होते. आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, मध्य प्रदेशातील दिग्विजय सिंह यांच्या काँग्रेस सरकारने तीस वर्षे चाललेला विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम बंद केला. देशभरातील अनेक वैज्ञानिकांनी निषेधाची पत्रे लिहिली, हे खरे. परंतु दिल्लीतील पुस्तकांवरून जो गदारोळ उठला होता, त्याच्या शतांशानेही आवाज या निर्णयावर उठला नाही.

हा कार्यक्रम होता ‘होशंगाबाद विज्ञान’, आणि तो चालवणाऱ्या संस्थेचे नाव ‘एकलव्य’. (नामसाधर्म्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून येथेच सांगितले पाहिजे की वनवासी क्षेत्रातील एकल विद्यालये किंवा केंद्र सरकारच्या एकलव्य आदर्श निवासी शाळा यांच्याशी या संस्थेचा संबंध नाही.)

सोळा शाळांपासून

कार्यक्रमाचा आरंभ सन १९७२ चा. होशंगाबाद जिल्ह्यातील रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि पलिया पिपरिया येथील किशोर भारती या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या अनुमतीने सोळा सरकारी माध्यमिक शाळांमध्ये, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान निराळ्या पद्धतीने शिकवायला घेतले. किशोर भारतीचे संस्थापक डॉ. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधन सोडून खेड्यात गेलेले वैज्ञानिक. रसूलियाचे केंद्र मूळचे क्वेकर पंथीयांचे. ही नावे वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडण्याचा संभव आहे. संस्थेच्या अनेक कार्यकर्त्यांची वैचारिक जडणघडण डावीकडची होती, हेही लपवण्याचे कारण नाही. तथापि काम पाहायचे ते कामाच्या जागी, आणि सहावीच्या वर्गात जे चालले होते त्यात पंथ नव्हता, पक्षही नव्हता. चार मुलांची एक टोली, समोर एक भिंग, काही परीक्षानळ्या, ओढ्याकाठून आणलेली पाने आणि पुस्तकातील प्रश्न, एवढाच सारा पसारा होता.

सन १९७८ मध्ये हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत लागू झाला. शाळांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, आणि दोन लहान संस्थांच्या खांद्यांना हे ओझे पेलवेना. म्हणून १९८२ मध्ये ‘एकलव्य’ची स्थापना झाली. सन २००२ मध्ये कार्यक्रम बंद झाला तेव्हा तो सुमारे पंधरा जिल्ह्यांतील जवळजवळ एक हजार शाळांत पोहोचला होता आणि लाखभर मुले त्या पद्धतीने विज्ञान शिकत होती. या शाळा संस्थेच्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे. इमारत सरकारची, शिक्षक सरकारचे, पुस्तक राज्याच्या पाठ्यपुस्तक निगमाने छापलेले आणि परीक्षाही सरकारचीच. स्वयंसेवी संस्थेच्या वाट्याला आले होते ते केवळ पाठबळाचे काम.

हे पाठबळ म्हणजे नेमके काय, हे कळण्यासाठी एका शैक्षणिक वर्षाचा क्रम पाहिला पाहिजे.

वर्ष सुरू होई उन्हाळ्यात. शाळांना सुट्टी लागली की शिक्षकांची तीन आठवड्यांची प्रशिक्षण शिबिरे भरत. सहावीच्या पुस्तकाचे एका उन्हाळ्यात, सातवीचे पुढच्या, आठवीचे त्याच्याही पुढच्या. येणाऱ्या शिक्षकांपैकी कित्येकांनी स्वतः विज्ञान हा विषय फारसा शिकलेला नसे, आणि ज्यांनी शिकलेला असे त्यांनीही प्रयोग फळ्यावरच पाहिलेला. शिबिरात त्यांना भाषणे ऐकवीत नसत. मुलांप्रमाणेच चौघाचौघांच्या टोल्या करून पुस्तकातील प्रत्येक प्रयोग त्यांनी स्वतः करायचा, वहीत निरीक्षणे लिहायची आणि मग वाद घालायचा. समोर मार्गदर्शक म्हणून टाटा संस्थेतील, दिल्ली विद्यापीठातील, आयआयटीतील वैज्ञानिक असत. पण जसजशी वर्षे गेली तसतसे जिल्ह्यातील अनुभवी शिक्षकच स्रोत-शिक्षक म्हणून पुढे आले. ज्या गुरुजींनी पंचविशीत पहिल्यांदा परीक्षानळी हातात धरली, तेच पुढे दुसऱ्या शिक्षकांना शिकवू लागले. एखाद्या सामाजिक कामाचे यश मोजण्याची याहून चांगली कसोटी शोधणे कठीण आहे.

जुलैमध्ये शाळा उघडत आणि साहित्याचा प्रश्न उभा राही. वर्षभरात फुटलेल्या नळ्या, संपलेली रसायने, हरवलेली भिंगे यांची भरपाई करायची म्हणजे निधी मंजूर व्हायला हवा, खरेदी व्हायला हवी, गाठोडी तालुक्याला आणि तिथून गावाला पोहोचायला हवीत. जी शाळा पावसाळ्यात नदीपलीकडे अडकते तिच्यापर्यंत काच पोहोचवणे हे तत्त्वज्ञानाचे काम नसते, ते हमालीचेच असते. याच अडचणीतून काही सुंदर गोष्टी निघाल्या. फुलांचे भाग सुटे करून पाहण्यासाठी शहरातून धातूच्या सुया आणाव्या लागत. खेड्यातील मुलांनी दाखवून दिले की बाभळीचा काटा तेच काम तितक्याच चांगल्या रीतीने करतो, आणि तो वाटेल तितका मिळतो. अरविंद गुप्ता हे तरुण अभियंता पुण्याच्या टेल्को कारखान्यातून वर्षभराची रजा घेऊन १९७८ मध्ये याच कामात गेले होते. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीच्या आकृती करण्याची त्यांची युक्ती तिथल्याच वास्तव्यातली. हेच गुप्ता पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेमुळे महाराष्ट्रातील घराघरांत माहीत झाले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊतून खेळणी करणारा माणूस एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे आहे. त्या खेळण्यांच्या मागे सरकारी शाळांचा एक अख्खा जिल्हा उभा होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

ऑगस्टपासून मासिक बैठका सुरू होत. आसपासच्या शाळांसाठी एक ‘संगम केंद्र’ ठरलेले असे. महिन्यातून एकदा तिथे विज्ञानाचे शिक्षक जमत. मागच्या महिन्यात कोणता प्रयोग फसला, का फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचे उत्तर आपल्याला देता आले नाही, यावर बोलणे होई, आणि पुढच्या महिन्याच्या पाठांची तयारी केली जाई. याखेरीज ‘अनुवर्तन’ नावाची रीत होती. संस्थेचा माणूस वा स्रोत-शिक्षक एखाद्या शाळेत जाऊन वर्गात बसे. तपासनीस म्हणून नव्हे, सोबती म्हणून. वही उघडून चुका टिपणारा अधिकारी आणि प्रयोगाला हात लावणारा सहकारी यांतला फरक शिक्षकाला चटकन समजतो.

मुलांसाठी ‘सवालीराम’ होता. हे कोणा माणसाचे नाव नव्हे, ते एक कल्पित पात्र. मुलांनी मनातला कोणताही प्रश्न पोस्टकार्डावर लिहून सवालीरामला पाठवायचा आणि त्याचे उत्तर घरी यायचे. आपल्या नावाने आलेले पत्र ही खेड्यातील दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी केवढी मोठी गोष्ट असे, हे ज्यांनी पोस्टमनची वाट पाहिली आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा. या कार्यक्रमाचे खरे धाडस येथे होते. आठवीच्या सार्वजनिक परीक्षेत विज्ञानाच्या पेपरला पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची मुभा होती, आणि लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होती. पुस्तक उघडे असल्याने व्याख्या लिहा, नियम सांगा असले प्रश्न आपोआपच निरर्थक ठरत. न पाहिलेल्या प्रयोगाची निरीक्षणे द्यायची आणि निष्कर्ष विचारायचा, एखादी मांडणी द्यायची आणि तिच्यातली चूक विचारायची, असे प्रश्न काढावे लागत. ते काढण्यासाठी शिक्षकांच्या कार्यशाळा होत. तपासणीला बसण्यापूर्वी काही उत्तरपत्रिका नमुना म्हणून वाचल्या जात आणि मुलांनी खरोखर काय लिहिले आहे ते पाहून गुणदानाची पद्धत ठरे. आज ‘घोकंपट्टीविरहित मूल्यमापन’ या शब्दप्रयोगावर परिसंवाद झडतात. होशंगाबादच्या गुरुजींनी ते वर्षानुवर्षे करून दाखवले होते.

उत्तरे नसलेले पुस्तक

‘बाल वैज्ञानिक’ हे या कार्यक्रमाचे पुस्तक. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात उत्तरे नसत. प्रयोग कसा करायचा ते सांगितलेले असे, प्रश्न असत, आणि निष्कर्ष मुलाने वहीत लिहायचा. फळ्याची लांबी मोजायला सांगितली की चाळीस मुलांची चाळीस मापे येत. बरोबर कोणते, हा प्रश्न मग गुरुजींना सोडवता येत नसे. मोजमापात फरक का पडतो, किती फरक चालतो, हे शिकावेच लागे. शेणात आळ्या आपोआप निपजतात, ही समजूत खेड्यात घट्ट होती. तेव्हा माश्या बसू दिलेले शेण आणि झाकून ठेवलेले शेण शेजारी ठेवून मुले रोज पाहत आणि टिपण करत. अंड्यातून आळी, आळीतून कोश, कोशातून माशी हे चक्र त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा समजूत कोणी खोडून काढावी लागली नाही, ती आपोआप गळाली. प्रत्यक्ष आणि अनुमान ही ज्ञानाची प्रमाणे मानणाऱ्या आपल्या दर्शनपरंपरेला यात परके वाटावे असे काहीच नाही. उलट ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ म्हणून पाठ करायला लावणारी शाळाच या परंपरेला परकी आहे.

पण हेच उत्तरे नसलेले पुस्तक पालकांना कळले नाही. मुलगा घरी आला, बापाने पुस्तक उघडले, तर त्यात पाठ करून घ्यावे असे काही नाही. शेजारच्या खाजगी शाळेतील मुलगा धडाधड व्याख्या म्हणून दाखवतो आणि आपला मुलगा शेणाचा डबा घेऊन बसला आहे, हे दृश्य मध्यमवर्गीय बापाला अस्वस्थ करणारच. आठवीतून नववीत जाताना पुस्तकांची धाटणी एकदम बदले, अणू-रेणूंची भाषा समोर येई आणि मुलांची दमछाक होई, हा आक्षेप तर सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. अमूर्त संकल्पना लहान वयात लादू नयेत हे धोरण शास्त्रशुद्ध होते, परंतु पुढच्या वर्गाचे दार उंबरठ्याशी येऊन आपटते तेव्हा शास्त्रशुद्धतेचा उपयोग थोडाच. सन २००० नंतरच्या सुधारित आवृत्त्यांत ही तफावत काहीशी भरून काढण्याचा प्रयत्न झाला. तोवर उशीर झाला होता.

एका आदेशाने

दहावीच्या परीक्षेत जिल्ह्याचा निकाल मागे पडतो आणि त्याला होशंगाबाद विज्ञान जबाबदार आहे, असा आक्षेप घेण्यात आला. वस्तुतः दहावीच्या निकालात गणित असते, इंग्रजी असते, शिक्षकांच्या रिक्त जागा असतात, पाऊस असतो, शेतीची कामे असतात. आठवीतील एका विषयाच्या पद्धतीवर ते सारे खापर फोडणे हा न्याय नव्हे. संस्थेने आकडेवारी मांडून उत्तर दिले. ती आकडेवारी वाचण्याइतका वेळ कोणाकडे होता, हा प्रश्न वेगळा. सन २००२ च्या आरंभी जिल्हा नियोजन समितीने कार्यक्रम बंद करण्याची शिफारस केली. या मुद्द्यावर सत्ताधारी आणि विरोधी असा भेद तिथे उरला नव्हता, हेही प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. राज्य सरकारने ती उचलून धरली आणि जुलैपासून सर्व शाळांत राज्याचे सर्वसाधारण विज्ञानाचे पुस्तक लागू झाले. ‘बाल वैज्ञानिक’ हवे तर पूरक म्हणून वापरा, अशी मखलाशीही झाली. ज्या पद्धतीचा प्राण परीक्षेत आणि मासिक बैठकीत होता, ती पूरक वाचनात कशी जगणार? याच सुमारास एकलव्यचा सामाजिक शास्त्रांचा प्रयोगही थांबवण्यात आला.

तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबते कसे, हा खरा विचार करण्याचा प्रश्न आहे. सरकारला दोष देऊन तो सुटत नाही. सत्तेचा स्वभाव एकरूपतेचा असतो. निराळी परीक्षा, निराळे पुस्तक, निराळे प्रशिक्षण म्हणजे सचिवालयाच्या दृष्टीने निराळी फाइल, आणि निराळी फाइल ही डोकेदुखी. तो स्वभाव काँग्रेसच्या सरकारात होता तसाच इतरांच्या सरकारातही असतो. परंतु ज्या दिवशी आदेश निघाला त्या दिवशी होशंगाबादच्या रस्त्यावर पालकांचे मोर्चे का निघाले नाहीत? तीस वर्षांत या पद्धतीने शिकलेल्या पिढ्या मोठ्या झाल्या होत्या, त्यांची मुले त्याच शाळांत जात होती. पत्रे आली ती दिल्ली-मुंबईच्या वैज्ञानिकांची. संस्थेने शिक्षक घडवला, मूल घडवले, अधिकाऱ्याची मनधरणी केली. गाव मात्र तिच्या हातून सुटले. घराघरांत जाऊन बसणारा, चहा घेता घेता मुलाच्या वहीतले शेणाच्या डब्याचे टिपण बापाला समजावून सांगणारा कार्यकर्ता तिथे पुरेसा नव्हता.

येथे तुलना अपरिहार्य आहे. सन १९५२ मध्ये गोरखपूरला पहिले सरस्वती शिशु मंदिर निघाले आणि १९७७ मध्ये विद्या भारतीची अखिल भारतीय रचना उभी राहिली. त्या शाळा समाजाच्या वर्गणीवर, स्थानिक समितीवर आणि आचार्यांच्या घरभेटींवर उभ्या आहेत. सरकारे आली-गेली, कधी मान्यतेवरून तर कधी अनुदानावरून त्रास झाला. पण घरोघरी ओळख असलेली शाळा एका आदेशाने गुंडाळता येत नाही. महाराष्ट्रात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून आपले प्रयोग केले तेही स्वतःच्या छत्राखाली. हा मार्ग सुरक्षित आहे आणि फळाला आलेला आहे. मात्र त्याची मर्यादाही मान्य केली पाहिजे. स्वतःच्या शाळेत केलेला प्रयोग हा स्वतःच्या शाळेपुरता राहतो. ज्या मुलाचे नाव जिल्हा परिषदेच्या हजेरीपटावर आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. एकलव्यने दुसरे टोक धरले. आपली एकही शाळा न काढता सरकारच्याच शाळेत शिरायचे, तिथल्याच शिक्षकाला हाताशी धरायचे. हे अधिक अवघड काम होते. वैचारिक मतभेद असलेल्यांनीही त्याच्या अवघडपणाला दाद दिली पाहिजे आणि त्याच्या अपयशातून शिकलेही पाहिजे. शिक्षणाच्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे आज दोन्ही नमुने आहेत. सरकारी शाळेच्या आत काम आणि तिच्याभोवतीच्या वस्तीत घरभेटी, या दोहोंची सांगड अजून कोणी मोठ्या प्रमाणावर घातलेली नाही.

संस्था संपली नाही. एकलव्यचे प्रकाशन पुढेही चालू राहिले. १९८५ मध्ये सुरू झालेले ‘चकमक’ हे मुलांचे मासिक हिंदी घरांत वाचले जात राहिले, आणि संस्थेच्या ‘संदर्भ’ या नियतकालिकाच्या प्रेरणेने मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ निघाले. पण शाळेतील तो वर्षभराचा क्रम, उन्हाळी शिबिर ते नमुना उत्तरपत्रिका, पुन्हा उभा राहिला नाही. छापील गोष्ट टिकते. माणसांची बैठक एकदा मोडली की मोडते.

आता परिस्थिती पालटली आहे. होशंगाबादला २०२२ मध्ये नर्मदापुरम हे नाव मिळाले. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवातून शिकण्यावर, पाठांतरमुक्त परीक्षेवर भर दिला, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असे सुचवले आणि प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान पन्नास तासांचे प्रशिक्षण मिळावे असे म्हटले. एनसीईआरटीचे सहावीच्या विज्ञानाचे नवे पुस्तक २०२४ मध्ये आले, त्याचे हिंदीतील नावच ‘जिज्ञासा’ आहे. जे होशंगाबादेत अपवाद म्हणून मोडून काढले गेले ते आता देशाच्या धोरणात सन्मानाने लिहिले गेले आहे, याबद्दल समाधान व्यक्त करायलाच हवे.

समाधान व्यक्त करून झाल्यावर मात्र काही रोकडे प्रश्न विचारावे लागतात. पन्नास तासांचे प्रशिक्षण पडद्यावरच्या चित्रफिती पाहून पूर्ण होणार, की शिक्षक परीक्षानळी हातात धरणार? अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ पासून देशभर निघाल्या, त्यांत त्रिमितीय मुद्रण यंत्रेही आली. त्यांतली किती यंत्रे रोज चालतात आणि किती कुलपात आहेत, हे पाहायला ‘अनुवर्तना’ला कोण जाणार? आठवीची परीक्षा बदलली नाही तर सहावीची जिज्ञासा किती दिवस टिकणार?

महाराष्ट्रात दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख आणि दर महिन्याला शिक्षण परिषद, अशी रचना कागदावर कधीची तयार आहे. होशंगाबादच्या संगम केंद्राशी तिचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. मात्र केंद्रप्रमुखांची अनेक पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिल्याच्या तक्रारी आहेत, आणि जिथे परिषद होते तिथे तिचा बराच वेळ माहिती भरण्यात, परिपत्रके वाचण्यात आणि छायाचित्र काढण्यात जातो, असे शिक्षकच सांगतात. या परिषदेत एक तास तरी पुढच्या महिन्याच्या प्रयोगांसाठी राखून ठेवावा, आणि गावातील निवृत्त विज्ञानशिक्षक, कृषी पदवीधर, औषधविक्रेते, अभियंते यांपैकी दोघांना तिथे बोलवावे, ही मागणी कोणत्याही शाळा व्यवस्थापन समितीला पुढच्याच बैठकीत लेखी करता येईल. तिला नव्या पुस्तकाची गरज नाही, निधीही फारसा लागत नाही. बाभळीचे काटे तर बांधावर आहेतच.